पहिल्या तीनशे वर्षांची मंडळी समजून घ्यायचीय? मग जुने कागद असे वाचा

आमच्या घरात चर्च म्हणजे इमारत, आणि माणसं म्हणजे मंडळी. "आज मंडळी कमी होती", "मंडळीने वर्गणी काढली", असं आजी बोलायची. पुढे नवा करार जरा नीट वाचायला घेतला तेव्हा कळलं की आजीचा शब्द मूळ शब्दाला किती चिकटून आहे ते. मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया, आणि तो धर्माचा शब्दच नव्हता, ग्रीक शहरात नागरिकांची सभा भरायची ती एक्लेसिया. विश्वास नसेल तर प्रेषितांची कृत्ये अध्याय १९ उघडा, इफिसमध्ये देवीचे रुप्याचे देव्हारे बनवणारा देमेत्रिय आपल्या धंद्यातल्या लोकांना चेतवतो, सगळं गाव नाट्यगृहात घुसतं, बहुतेक लोकांना आपण कशासाठी जमलोय हेही माहीत नसतं, आणि त्या गोंधळी गर्दीलासुद्धा मूळ ग्रीकमध्ये एक्लेसियाच म्हटलंय. आपल्याकडे प्रोटेस्टंट मंडळी म्हणतात, वसईकडचे कॅथलिक ख्रिस्तसभा म्हणतात, दोन्हींत जमलेली माणसं आहेत, इमारत नाही. म्हणून या इतिहासात शिरायचं तर पहिलं काम हेच, डोक्यातली ती मनोऱ्याची इमारत काढून टाका.

कारण पहिली दोन-अडीचशे वर्षं तशी इमारत नव्हतीच. लोक घरात जमायचे. सिरियात युफ्रेटिसच्या काठी दूरा-युरोपोस नावाचं गाव होतं, तिथलं असं एक घर सापडलंय. साधं अंगणाचं घर, साधारण २४० च्या सुमारास दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक लांब खोली केली आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधून भिंतींवर चित्रं काढली. थोड्याच वर्षांत इराणची ससानी फौज चालून आली तेव्हा रोमन सैनिकांनी तटाला टेका म्हणून आतल्या बाजूने मातीचा भराव घातला, त्यात हे घर गाडलं गेलं आणि २५६ मध्ये गाव पडलं तरी भिंती राहिल्या. त्या लांब खोलीत दाटीवाटीने बसले तरी साठ-सत्तर माणसं. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे प्रत्येक वेळी कामाला येतो.

आता वाचायचं कसं. बहुतेक जण सुरुवात करतात निरो आणि सिंहांपासून आणि उडी मारतात थेट ख्रिस्ती झालेल्या सम्राट कॉन्स्टंटाइनवर, मधली माणसं जगत कशी होती, कुणाच्या घरी जेवत होती, त्यांचं भाडं कोण भरत होतं हे राहूनच जातं. माझं म्हणणं सरळ आहे, मोठ्या घटना सोडा आणि छोटे कागद धरा. पत्र, अर्ज, दाखला, सामानाची यादी. आणि प्रत्येक कागदाला तेच चार प्रश्न विचारा: हा कुणी कुणाला लिहिला आणि का लिहिला, त्या खोलीत कोण कोण आहे, पैसा आणि जेवण कुठून येतंय, आणि कुणाचं नाव लिहायचं राहिलंय. एक वही करा, दर कागदाला एक पान.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र सालं लिहून ठेवा नाहीतर सगळं एकमेकांत मिसळतं. ६४ रोमची आग आणि निरो. ११० ते ११२ च्या आसपास प्लिनीचं पत्र. १७७ आजच्या फ्रान्समधल्या लियों गावातला छळ. २०३ उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमधला छळ. २५० सम्राट डेसियसचा हुकूम. २५७-५८ सम्राट व्हॅलेरियनने केलेला छळ, आणि २६० मध्ये त्याच्या मुलाने, गॅलियेनसने, ते थांबवलं. ३०३ सम्राट डायोक्लेशियनचा छळ, ३११ गॅलेरियसची माफी, ३१३ कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी दिलेली मोकळीक, ३२५ निकेयाची परिषद, ३८० थिओडोसियसचा हुकूम. या यादीकडे नुसतं बघितलं तरी दोन गोष्टी लक्षात येतात, एक म्हणजे २५० पर्यंत सगळ्या साम्राज्याला लागू असा हुकूमच नव्हता, जे व्हायचं ते त्या त्या गावात, त्या त्या सुभेदाराच्या मर्जीने, आणि दुसरं म्हणजे २६० ते ३०३ अशी चाळीसेक वर्षं बऱ्यापैकी शांततेत गेली. तीनशे वर्षं रोज छळ चालला होता असं चित्र डोक्यात असेल तर ते इथेच दुरुस्त करून घ्या. आणि ख्रिस्ती धर्म राजधर्म कॉन्स्टंटाइनने केला नाही, त्याने मोकळीक दिली, जमिनी परत दिल्या, भरपूर बांधकाम करून दिलं, पण राजधर्माची भाषा ३८० मध्ये येते.

सरावाला घरातलंच पुस्तक घ्या. रोमकरांस पत्र, अध्याय १६. हा अध्याय सगळे गाळतात कारण नुसती नावं आहेत, याला सलाम सांगा, त्याला सलाम सांगा. मी म्हणतो पेन्सिल घेऊन तिथेच बसा. साल साधारण ५७, प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथहून रोमच्या मंडळीला लिहितोय. पहिलंच नाव एका बाईचं, फिबी, किंख्रिया बंदराच्या मंडळीची सेविका, मूळ शब्द दियाकोनोस, आणि पौल म्हणतो तिने पुष्कळांना आधार दिलाय, मलाही. आधार देणारी यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो त्या काळी पैशाने, वजनाने पाठीशी उभं राहणाऱ्या माणसासाठी वापरायचे. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच ओळीत मिळालं. पुढे प्रिस्का आणि अक्विला, तंबू बनवणारं जोडपं, त्यांच्या घरी मंडळी जमते. मग "नार्किसाच्या घरातले जे प्रभूमध्ये आहेत ते", हे बहुधा कुणा बड्या घरातले गुलाम किंवा सोडलेले गुलाम, मालक आत नाही पण माणसं आत आहेत. आणि शेवटी मला सगळ्यात आवडणारी जागा, ज्याने हे पत्र उतरवून घेतलं तो लेखनिक मध्येच स्वतःचा नमस्कार घुसवतो, त्याचं नाव तेर्तियस, म्हणजे लॅटिनमध्ये तिसरा. पुढच्याच ओळीत क्वार्तस, म्हणजे चौथा. अशी नावं गुलामांमध्ये आणि सुटका झालेल्यांमध्ये नेहमीची. तिसरा आणि चौथा यांच्या मध्ये उभा आहे एरास्तस, गावाचा खजिनदार. एका खोलीत ही तीन माणसं, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

एक सावधगिरी इथेच सांगतो. करिंथच्या नाट्यगृहाजवळ १९२९ मध्ये फरसबंदीवर एक लेख सापडला, एरास्तस नावाच्या माणसाने पद मिळाल्याबद्दल ही फरशी स्वखर्चाने घातली असा. लगेच "सापडला बघा आपला एरास्तस" असं झालं. असेलही. पण नाव सारखं म्हणजे माणूस तोच असं होत नाही, पदाचं नावही नेमकं तेच आहे का यावर अभ्यासकांचं भांडण चालू आहे. वहीत समोर प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. तसंच आपल्याकडचं, सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास लिहितो की कल्लियाना इथे पर्शियाहून नेमलेला बिशप आहे, आणि कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण असं सहसा मानतात. आनंद होतोच वाचून, पण ती एक ओळ आहे, तिच्यावर वाडा बांधू नका.

आता जेवण. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ११. प्रभुभोजनाला जमल्यावर कुणी आधीच खाऊन घेतो, एक उपाशी आणि दुसरा प्यायलेला, असं पौल रागाने लिहितो. हे कळायला रोमन घर डोळ्यांसमोर आणा, जेवणाच्या खोलीत तीन बाजूंनी मंचक, त्यावर जास्तीत जास्त नऊ-दहा माणसं, बाकीचे बाहेर अंगणात. यजमान आपल्या बरोबरीच्यांना आत घेतो, कामावरून उशिरा सुटलेले गुलाम येईपर्यंत भांडी रिकामी. आतली पंगत आणि बाहेरची पंगत म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. पौलाचा राग म्हणूनच नीट वाचा, तो पंगतीतल्या भेदावर चिडलाय. त्याच पत्रात मांसाचा प्रश्न आहे. देवळात बळी दिलेल्या जनावराचं मांस बाजारात विकायला यायचं, ते खायचं का? तो सांगतो, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे तर त्याच्यासाठी खाऊ नका. हे मांस लक्षात ठेवा, साठेक वर्षांनी परत येणार आहे.

मधला मोठा कागद म्हणजे प्लिनीचं पत्र. प्लिनी हा काळ्या समुद्राच्या काठच्या बिथिनिया-पोंतसचा सुभेदार, सम्राट ट्रेजनला बारीकसारीक गोष्टी विचारणारा. पत्रांच्या दहाव्या पुस्तकात ९६ वं पत्र ख्रिस्ती लोकांबद्दल आणि ९७ वं ट्रेजनचं उत्तर. पण माझं ऐका, आधी ३३ आणि ३४ वाचा. निकोमीडियाला मोठी आग लागली, लोक उभे राहून बघत बसले, बादलीसुद्धा नव्हती, म्हणून प्लिनी विचारतो की १५० जणांचं अग्निशमन पथक काढू का, मी लक्ष ठेवीन. सम्राट म्हणतो नको, बंबाचं सामान घेऊन ठेव पण संघटना नको, कुठल्याही नावाने जमू दे, थोड्या दिवसात राजकीय टोळी होते. आग विझवणारे दीडशे लोकसुद्धा ज्या सरकारला चालत नाहीत त्या सरकारच्या हद्दीत पहाटे अंधारात जमणारे लोक म्हणजे काय, हे कळल्यावर मग ९६ उघडा.

त्यात प्लिनी सांगतो की पकडून आणलेल्यांना तो तीनदा विचारतो, तू ख्रिस्ती आहेस का, आणि हो म्हणत राहिले तर शिक्षेला पाठवतो, रोमन नागरिक असतील तर रोमला धाडतो. नाही म्हणणाऱ्यांना देवांची प्रार्थना म्हणायला लावतो, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायला लावतो आणि ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावतो. काही जण म्हणतात आम्ही होतो, पण सोडलं, कुणी तीन वर्षांपूर्वी, कुणी वीस वर्षांपूर्वी. या सोडलेल्यांचा जबाब म्हणजे सोनं आहे, कारण तो विरोधी पक्षाच्या हाताने लिहिलेला आहे, प्लिनीला मंडळीची बाजू उजळ करायचं काहीच कारण नव्हतं. ते सांगतात, ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमायचो, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणायचो, शपथ घ्यायचो की चोरी, लूट, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, कुणी ठेवायला दिलेली वस्तू नाकारणार नाही. मग पांगायचं आणि नंतर पुन्हा जेवायला जमायचं, जेवण साधं, निरुपद्रवी. आणि तुमच्या हुकमाने संघटनांवर बंदी आल्यावर ते जेवणही बंद केलं. शपथेतली ती ठेव नाकारण्याची गोष्ट बघा. बँक नसलेल्या गावात माणूस शेजाऱ्याकडे पैसे ठेवतो आणि शेजारी "कुठले पैसे?" म्हणतो, हे रोजचं दुःख होतं, त्याचीच शपथ.

पुढची ओळ वाचताना माझा आवाज दर वेळी बसतो. खरं काय ते काढायला प्लिनीने दोन गुलाम बायकांचा छळ केला, ज्यांना तिथले लोक सेविका म्हणायचे. लॅटिन शब्द मिनिस्त्रे, म्हणजे फिबीसाठी जो शब्द वापरला त्याच जातीचा. नावं नाहीत. त्या काय म्हणाल्या तेही नाही, फक्त प्लिनी इतकंच म्हणतो की मला एका विकृत, बेसुमार अंधश्रद्धेपलीकडे काही सापडलं नाही. चौथा प्रश्न इथे लावा. मग शेवटाकडे या, प्लिनी समाधानाने लिहितो की ओस पडलेली देवळं पुन्हा भरू लागलीत आणि बळीच्या मांसाला आता सगळीकडे गिऱ्हाईक आहे, आत्तापर्यंत फारसं कुणी घेत नव्हतं. हेच ते करिंथचं मांस. म्हणजे खाटीक, जनावरं विकणारे, चारा विकणारे, यांच्या पोटावर पाय येत होता, आणि प्लिनीकडे ख्रिस्ती लोकांच्या नावांची एक निनावी यादी आली होती, ती कुणी पाठवली असेल याचा विचार करताना मी तरी आधी बाजाराकडे बघतो, इफिसच्या त्या देव्हारेवाल्यांसारखं. ट्रेजनचं उत्तर चार ओळींचं आहे: शोधून काढू नकोस, कुणी आणून दिलं आणि सिद्ध झालं तर शिक्षा कर, पूजा करून नाकारलं तर सोड, आणि निनावी चिठ्ठ्या घेऊ नकोस, ते आपल्या काळाला शोभत नाही. पुढची कित्येक वर्षं मंडळी या चार ओळींच्या सावलीत जगली, शेजाऱ्याशी बरं असेपर्यंत ठीक, भांडण झालं की जीवावर.

पुढचा कागद अगदी छोटा, वीतभर पपायरस, म्हणजे लव्हाळ्याचा कागद. २५० मध्ये डेसियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना अर्पण करायचं आणि दाखला घ्यायचा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसच्या वर दाखले टिकलेत. एकात अर्जदार आहे औरेलियस दियोगेनीस, सताबूसचा मुलगा, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. मी नेहमीच देवांना अर्पण करत आलोय, आत्ताही तुमच्यासमोर हुकमाप्रमाणे बळी दिला, द्राक्षारस वाहिला, प्रसाद चाखला, तरी तसं लिहून द्यावं ही विनंती. तारीख २६ जून २५०. हा वाचताना सरकारी अर्ज जसा वाचतो तसाच वाचा, कुठल्या रकान्यात काय, ओळखीची खूण कोणती, खाली सही कुणाची. आणि घाई करून या म्हाताऱ्याला घाबरून धर्म सोडलेला ख्रिस्ती ठरवू नका, दाखला सगळ्यांनाच घ्यावा लागत होता, मगरदेव पेतेसूखोसच्या पुजारणीचासुद्धा दाखला सापडलाय. उलटी बाजू कार्थेजकडून कळते, तिथे बिशप सिप्रियनच्या पत्रांत असे ख्रिस्ती भेटतात ज्यांनी अर्पण केलंच नाही, पैसे चारून नुसता दाखला मिळवला, आणि वादळ गेल्यावर यांना मंडळीत परत घ्यायचं का यावर भांडणं पेटली. तुरुंगात गेलेला भाऊ आणि दाखला विकत घेतलेला भाऊ एकाच खोलीत, पुन्हा तीच साठ-सत्तर माणसांची खोली आठवा.

हुतात्म्यांच्या गोष्टी वाचताना एक पथ्य पाळा, गोष्ट सांगणारे किती जण आहेत ते आधी मोजा. कार्थेजची पर्पेतुआ, २०३, वय बावीसच्या आसपास, अंगावर पिणारं बाळ. तिच्या वृत्तांतात मधला भाग तिचा स्वतःचा, पुढचा-मागचा दुसऱ्यांनी जोडलेला. तिचा भाग वेगळ्या रंगाने खूण करून वाचा, पांढऱ्या केसांचा बाप तिच्या पाया पडतो ते, बाळ तुरुंगात जवळ मिळाल्यावर तुरुंग महालासारखा वाटला ते. आणि कॅटाकोंब, म्हणजे रोमच्या जमिनीखालची भुयारं, त्यांबद्दल एकच ओळ, ती लपायची जागा नव्हती, दफनभूमी होती आणि सरकारला माहीत होती.

शेवटचा कागद मी मुद्दाम राखून ठेवलाय. किर्ता, उत्तर आफ्रिका, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टंटाइन शहर. १९ मे ३०३. डायोक्लेशियनचा हुकूम आलाय की पवित्र शास्त्राची पुस्तकं जमा करा आणि जाळा. नगराधिकारी मुनातियस फेलिक्स मंडळी जमते त्या घरी येतो, कारकून सगळं शब्दशः लिहून घेतो, म्हणूनच ते आपल्याला वाचायला मिळतं, कारण ३२० मध्ये एका खटल्यात हा पंचनामा पुरावा म्हणून वाचला गेला. बिशप पौलस आणि मंडळीचे वडील, म्हणजे पुरोहित, बसलेले, डिकन म्हणजे सेवक उभे, कबरी खणणारेही हजर. यादी सुरू होते: सोन्याचे प्याले २, चांदीचे प्याले ६, चांदीचे कलश ६, चांदीचे दिवे ७, साखळीचे पितळी दिवे ११. मग बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांचे जोडे १३, बायकांचे जोडे ४७. जेवणाच्या खोलीत चार रांजण आणि सहा मडकी.

या यादीवर किमान अर्धा तास द्या, घाई करू नका. पुरुषांचे १३ जोडे आणि बायकांचे ४७, असं का? याच्या पन्नासेक वर्षं आधी, २५१ च्या सुमारास, रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात सांगतो की रोमच्या मंडळीत ४६ वडील, ७ डिकन आणि बाकी सेवक आहेत आणि १५०० च्या वर विधवा आणि अडलेली माणसं मंडळी सांभाळते. ते पत्र आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवा. माझ्या मते हे जोडे विधवांना आणि गरिबांना द्यायचे होते, रांजणातलं धान्य-तेलही त्यांच्यासाठीच असणार. हेच सामान बघून मला वाटतं, ही मंडळी गावागावात का टिकली याचं उत्तर वादविवादाच्या ग्रंथांइतकंच या ४७ जोड्यांत आहे.

पुढे पुस्तकांचा शोध. कपाटं रिकामी. उपडिकन दोघे, ते एकच मोठी पोथी आणून देतात. फेलिक्स विचारतो, एकच का? ते म्हणतात, आम्ही उपडिकन, पुस्तकं वाचकांकडे असतात, म्हणजे सभेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्यांकडे. वाचक कुठे राहतात? माहीत नाही. नावं सांगा. आम्ही फितूर नाही, हे उभे आहोत, मारून टाका. त्यांना अटक होते. पण नगराच्या कारकुनांना वाचकांची घरं माहीत असतात, मग वरात घरोघर निघते, कुणाकडे चार पोथ्या, पच्चीकारी करणाऱ्या दुसऱ्याच एका फेलिक्सकडे पाच, व्हिक्टोरिनसकडे आठ, शिक्षक व्हिक्टरकडे दोन आणि काही सुटी पानं. वाचक कोण होते ते आपोआप कळलं, कारागीर आणि मास्तर. पुस्तकं देऊन टाकणाऱ्यांना नंतर त्रादितोर म्हणायला लागले, हवाली करणारे, आणि त्यावरून आफ्रिकेतली मंडळी पुढची शंभर वर्षं दुभंगलेली राहिली, दोनातिस्त वाद तो हाच.

शेवटचं घर कोडेओचं. तो घरी नाही, बायको आहे. ती सहा पोथ्या आणून ठेवते. अधिकारी म्हणतो, बघ अजून असतील तर आण. ती म्हणते, अजून नाहीत. अधिकारी सरकारी गुलामाला आत पाठवतो, त्याचं नाव बोस, लॅटिनमध्ये बैल, आत जा आणि शोध. तो बाहेर येऊन सांगतो, शोधलं, सापडलं नाही. गुलामाचं नाव कारकुनाने लिहिलंय, त्या बाईचं लिहिलेलं नाही. वहीतल्या चौथ्या प्रश्नाखाली तिला लिहा, प्लिनीच्या त्या दोघींच्या शेजारी.